निवासी शाळा की रोज ये-जा करायची शाळा? दिव्यांग मुलांच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसलेले पालक जे विचारतात, तेच इथे उतरवलं आहे. मी आधी काही वर्षं विशेष शाळेच्या वसतिगृहात अधीक्षक होते, नंतर दिवसाच्या शाळेत शिकवलं. त्यामुळे दोन्हीकडचं आतून पाहिलंय, आणि मतंही दोन्हीकडची आहेत. ती लपवलेली नाहीत.

निवासी शाळा आणि दिवसाची शाळा यांत नेमका फरक काय?

दिवसाच्या शाळेत मूल सकाळी येतं आणि शाळा सुटली की घरी जातं. निवासी शाळेत ते तिथेच राहतं, घरी जातं ते सुट्टीत. मधलेही प्रकार आहेत. काही ठिकाणी मुलं सोमवार ते शुक्रवार राहतात आणि आठवड्याचा शेवट घरी घालवतात. काही शाळांत वसतिगृहातली मुलं आणि रोज ये-जा करणारी मुलं एकाच वर्गात बसतात.

पण वर्ग दोन्हीकडे सहा तासांच्या आसपासच भरतो. शिक्षक सारखेच शिकलेले, पुस्तकं तीच. खरा फरक उरलेल्या अठरा तासांचा. पालक चौकशी करतात ती सहा तासांची: फळे कसे आहेत, संगणक किती आहेत, निकाल काय लागला. अठरा तासांबद्दल क्वचितच कोणी विचारतं.

आमच्या मुलाला कोणती योग्य, हे ठरवायचं कसं?

एक कागद घ्या आणि मुलाचा मागचा मंगळवार त्यावर लिहून काढा. साधा, सणवार नसलेला मंगळवार. किती वाजता उठलं, आंघोळ कोणी घातली, शाळेतून आल्यावर कोणाशी खेळलं, कोण त्याच्याशी बोललं आणि ते त्याला कितपत कळलं, झोप किती वाजता लागली. लिहिताना जिथे पेन अडतं, तिथेच तुमच्या निर्णयाचं मूळ असतं.

दोन घरं सांगते. आठ वर्षांची एक कर्णबधिर मुलगी. घरात माया भरपूर. रात्री सगळे जेवायला बसले की गप्पा, हसणं, कोणाची तरी नक्कल. ती आईची बाही ओढून विचारायची, काय झालं? आई म्हणायची, नंतर सांगते. ते ‘नंतर’ कधी यायचंच नाही. ती वसतिगृहात आली आणि पहिल्याच महिन्यात जेवणाच्या टेबलावर खुणांनी बोलणारे तिचे हात थांबेनात. आधी जेव म्हणून मागे लागावं लागायचं. दुसरा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा कमी असलेला. घास गिळतानाच्या आवाजावरून त्याच्या आजीला कळायचं की आता थांबायला हवं. हे ज्ञान कुठल्याही नोंदवहीत लिहिता येत नाही. त्याला दिवसाच्या शाळेत ठेवा असं मी स्वतः सांगितलं, आणि आजीला शाळेत बोलावून आमच्या मदतनीस मावशींना दोन दिवस शिकवायला लावलं.

म्हणजे फक्त दिव्यांगत्वाच्या प्रकारावरून उत्तर निघत नाही. ते घराकडे बघून काढावं लागतं.

मुलीला ऐकू येत नाही. खुणांच्या भाषेत वाढली तर ती बोलायची थांबेल का?

हा प्रश्न जवळपास दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याचं चुकीचं उत्तर जगभरच्या मुलांनी भोगलं आहे. १८व्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांना खुणांच्या आधारे शिकवायला सुरुवात केली आणि त्या पद्धतीच्या शाळा देशोदेशी निघाल्या. मग १८८० मध्ये इटलीतल्या मिलान इथे कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली. खुणांपेक्षा तोंडी पद्धत श्रेष्ठ, असा ठराव तिथे झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक देशांत वर्गातून खुणा हद्दपार झाल्या. हात बांधून बसायला लावलेल्या मुलांनी ती भाषा जिवंत ठेवली ती खेळाच्या मैदानावर आणि रात्री वसतिगृहात. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत मिलानचे ठराव अधिकृतपणे नाकारले गेले आणि झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त झाला. १३० वर्षांनी.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातली गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा या राजधानीत विशेष शिक्षणाची शाळा वाढली आणि घरोघरी एकटी असलेली कर्णबधिर मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली. वर्गात त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवायचा प्रयत्न चालला होता. तो फारसा जमला नाही. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये या मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या. पुढच्या तुकड्यांच्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिलं. त्यातून निकाराग्वाची खुणांची भाषा जन्मली, आणि भाषाशास्त्रज्ञ आजही तिचा अभ्यास करतात. लक्षात घ्या, ही मुलं रोज घरी जाणारी होती. त्यांना मिळाली ती एकमेकांची सोबत, आणि थोडा मोकळा वेळ.

तर उत्तर असं: खुणांमुळे बोलणं खुंटतं याला आधार नाही. भाषाच नसण्यामुळे मात्र बरंच काही खुंटतं, आणि भाषेची पहिली वर्षं शाळाप्रवेशाची वाट बघत थांबत नाहीत. शाळा कुठलीही घ्या, घरातल्या दोघा-तिघांनी खुणांची भाषा शिकायला आजच सुरुवात करा.

मुलगी श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) वापरत असेल, तर वसतिगृहात एकच प्रश्न विचारा. सकाळी यंत्र कोण तपासतं? सहा आवाजांची एक साधी चाचणी असते: आ, ऊ, ई, श, स, म. तपासणाऱ्याने तोंड झाकून एकेक आवाज काढायचा आणि मुलाने ऐकू आला की हात वर करायचा. मिनिटभराचं काम. ते रोज होत नसेल तर सेल संपलेलं यंत्र कानावर मिरवत मूल दिवसभर वर्गात बसून राहतं आणि शेरा पडतो, ‘लक्ष नाही’.

आता मोबाइल वाचून दाखवतो. मग ब्रेल शिकवणारी शाळाच हवी असा हट्ट कशाला?

ऐकण्याने मजकूर कळतो, पण शब्दाचं लेखन, विरामचिन्हं, गणिताची मांडणी बोटांखालून गेल्याशिवाय पक्की होत नाही. सहा ठिपके, त्यांच्या ६३ जोडण्या. ब्रेल येणारं मूल स्वतः वाचतं. केवळ ऐकणाऱ्याला कोणीतरी वाचून दाखवत असतं, मग ते यंत्र का असेना.

लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेत १८१९ मध्ये दहा वर्षांचा असताना दाखल झाला. शाळा निवासी. पंधराव्या वर्षापर्यंत त्याने आपली लिपी बऱ्यापैकी बसवली होती, १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. शाळेच्या व्यवस्थापनाने मध्यंतरी तिच्यावर बंदीही आणली. डोळस शिक्षकांना वाचता येत नाही, ही मोठी अडचण होती. मुलं मात्र लपूनछपून वापरत राहिली. शाळेने १८५४ मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली, तेव्हा ब्रेलला जाऊन दोन वर्षं झाली होती.

दृष्टिहीन मुलासाठी शाळा बघताना ब्रेलच्या बरोबरीने पांढऱ्या काठीचं विचारा. काठी घेऊन एकटं चालायला कोण शिकवतं, आणि वरच्या वर्गातली मुलं फाटकाबाहेर एकटी कुठवर जातात? काही निवासी शाळांत मुलं आवारात वाऱ्यासारखी पळतात आणि फाटकाबाहेर दोन पावलं टाकताना घाबरतात. आवार पाठ होणं वेगळं आणि चालता येणं वेगळं.

बौद्धिक दिव्यांगत्व किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असेल तर निवासी शाळा चालेल का?

इथे माझं मत जरा कडक आहे. लहान वयात, साधारण दहा वर्षांच्या आत, शक्य असेल तोवर घर आणि दिवसाची शाळा. याला मायेखेरीज एक तांत्रिक कारणही आहे. या मुलांपैकी अनेकांना एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी करणं अवघड जातं. वसतिगृहात एक मुलगा नळाची तोटी फिरवून, साबण लावून हात धुवायचा. अगदी नेटका. घरी गेला की नळासमोर नुसता उभा, कारण घरच्या नळाला वर उचलायची दांडी होती. आईला वाटलं शाळा खोटं सांगते. शाळेला वाटलं आई लाड करते. दोघींचंही खरं होतं.

म्हणून निवासी शाळा घ्यायचीच झाली, तर शाळेतल्या ताई वर्षातून एकदा तरी घरी येऊन जातात का, किंवा निदान घरच्या न्हाणीघराचे, दारांचे, पलंगाचे फोटो मागवतात का, ते बघा. मागवत असतील तर चांगली माणसं आहेत.

आम्ही थकलोय. म्हणून मुलाला निवासी शाळेत घालणं चूक आहे का?

नाही. ज्या घरात मूल रात्री दोनला उठून पहाटेपर्यंत येरझारा घालतं, तिथल्या आईवडिलांना ‘तुमचंच लेकरू ना’ असं ऐकवणाऱ्यांनी आधी तीन रात्री तिथे झोपून दाखवावं. फक्त थकव्यावर पहिला उपाय म्हणून वर्षभराचा प्रवेश घेऊ नका. काही ठिकाणी महिन्यातले दोन-चार दिवस किंवा सुट्टीतले आठ दिवस मुलाला ठेवून घेण्याची सोय असते. आधी ती वापरून बघा. झोप पुरी झाली की बरेच पालक वेगळाच निर्णय घेतात. काही तोच घेतात, पण निदान पूर्ण शुद्धीवर.

सर्वसमावेशक शिक्षणाच्या जमान्यात वेगळी शाळा म्हणजे मागे जाणं नाही का?

वाद खरा आहे आणि तो मिटलेला नाही. स्पेनमध्ये शिक्षणावर भरलेल्या परिषदेच्या १९९४च्या सालामांका जाहीरनाम्याने सगळ्या मुलांनी शक्यतो एकाच शाळेत शिकावं असा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराच्या २४व्या कलमाने सर्वसमावेशक शिक्षण हा हक्क मानला. २०१६ मध्ये त्या कराराच्या समितीने आणखी पुढे जाऊन सांगितलं की सर्वसाधारण आणि विशेष अशा दोन वेगवेगळ्या व्यवस्था कायम शेजारी-शेजारी चालवणं या हक्काशी जुळत नाही. त्याच २४व्या कलमात मात्र ब्रेल, खुणांची भाषा आणि कर्णबधिर समाजाची भाषिक ओळख यांचाही उल्लेख आहे. अंध, कर्णबधिर आणि अंधबधिर मुलांचं शिक्षण त्यांना योग्य अशा भाषेत आणि त्यांचा सर्वाधिक विकास होईल अशा वातावरणात व्हावं, असं ते म्हणतं. त्यामुळे खुणांच्या भाषेत चालणाऱ्या शाळा टिकाव्यात असं म्हणणारे कर्णबधिर लोकही याच कराराकडे बोट दाखवतात.

वेगळं ठेवण्याची भीती उगाच निर्माण झालेली नाही. न्यू यॉर्कमधल्या विलोब्रुक या बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थेचं नाव ‘स्टेट स्कूल’ असंच होतं. चार हजारांच्या जागेत १९६५च्या सुमारास सहा हजारांहून अधिक माणसं कोंबलेली होती. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर आतली दृश्यं दिसली तेव्हा लोक हादरले; तरी ते पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. दाराबाहेर ‘शाळा’ अशी पाटी असल्याने आत शाळा असतेच असं नाही.

माझ्यापुरतं: शेजारच्या साध्या शाळेत मुलाला खरोखर शिकवणारा, त्याच्या भाषेत बोलणारा माणूस आणि वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह असेल, तर तिथेच घाला. नुसता शेवटचा बाक मिळणार असेल तर तो समावेश कागदावरचाच.

शाळा बघायला कधी जावं आणि काय बघावं?

सकाळी अकराला जाऊ नका. अकराला सगळ्याच शाळा छान दिसतात. संध्याकाळी सहा-सातला जा. रविवारी दुपारी मिळालं तर उत्तम.

स्वच्छतागृहापासून सुरुवात करा. आतून कडी आहे का, ती बाहेरून उघडता येते का, व्हीलचेअर आत वळते का. मग झोपायची खोली. प्रत्येक खाटेजवळ मुलाचं स्वतःचं काहीतरी दिसतं का? फोटो, खेळणं, खराब झालेली उशी, काहीही. कपड्यांना नावं आहेत की धुऊन आलेल्या ढिगातून जे हाताला लागेल ते? टॉवेल कितीजणांत एक? मुलं तुम्हाला बघून नुसतीच धावत येऊन बिलगतात का? अनोळखी पाहुण्याला प्रत्येक मूल मिठी मारत असेल तर हुरळून जाऊ नका. ती बरेचदा मायेची भूक असते.

आग लागली तर काय करता, हे विचारा आणि तोंडी उत्तरावर थांबू नका. कर्णबधिर मुलांच्या खोलीत नुसती घंटा काय कामाची? चमकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र लागतं. चालू न शकणारी मुलं वरच्या मजल्यावर का ठेवली आहेत, आणि रात्री लिफ्ट बंद असताना त्यांना खाली कोण आणणार? शेवटची तालीम रात्री केव्हा झाली होती? या प्रश्नावर अधीक्षक गप्प झाले तर तेही एक उत्तर समजा.

किती मुलांमागे किती कर्मचारी असावेत?

एकच आकडा ऐकून समाधान मानू नका. सकाळी अकराचा, संध्याकाळी सातचा आणि पहाटे तीनचा, असे तीन आकडे मागा. आणि पहाटे तीनचा माणूस जागा असतो की त्याच खोलीत झोपलेला, तेही.

मुलाला फिट येते. वसतिगृहात ठेवता येईल का?

येईल, पण लेखी योजना असल्याशिवाय नाही. फिट कशी दिसते, किती वेळ टिकते, कोणतं औषध कोणत्या डॉक्टरांनी लिहिलंय, हे एका पानावर खोलीतच लावलेलं असावं. कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद नको. रात्रपाळीच्या प्रत्येकाला माहीत हवं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीची वैद्यकीय मदत. मुलाखतीत रात्रीच्या मावशींनाच विचारा. मुख्याध्यापकांना उत्तर येणारच.

मूल बोलत नाही. त्याच्याशी कोणी वाईट वागलं तर आम्हाला कळणार कसं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच, आणि तो विचारायला पालक सगळ्यात जास्त कचरतात. विचारा. मुलाखतीतच, मोठ्याने.

बरीच मुलं चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलतात. तो तक्ता एकदा नीट पाहा. पाणी, जेवण, खेळ, झोप, आई, शिक्षक. शरीराच्या खाजगी भागांची चित्रं असतात का? ‘दुखवलं’, ‘नको’, ‘थांब’, ‘गुपित’ असतं का? ज्या गोष्टीचं चित्रच नाही ती मूल सांगणार कशी? आम्ही एका वर्षी सगळे तक्ते तपासले तेव्हा ‘नको’ हा शब्द निम्म्याहून जास्त तक्त्यांवर नव्हता. ‘छान’ सगळ्यांवर होता.

आंघोळ आणि कपडे बदलणं यांचे नियम विचारा: कोण करतं, दार किती उघडं असतं, मोठ्या मुलीचं काम बाईच करते ना. मुलाला घरी फोन करता येतो का, आणि तेव्हा शेजारी कोणी उभं नसतं ना? कर्णबधिर मुलासाठी तो फोन व्हिडिओचा हवा. शाळेच्या पगारावर नसलेला असा एक माणूस हवा, ज्याच्याकडे मूल थेट जाऊ शकेल. आणि ‘अचानक भेटायला येऊ नका, मुलं बिथरतात’ असं सांगणाऱ्या शाळेपासून लांब राहा.

सुट्टीत घरी आलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, विशिष्ट माणसाचं नाव निघताच आक्रसलं, आंघोळीला घाबरू लागलं, तर ‘वय असतं’ म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक वेळी कारण तेच असेल असं नाही, पण शोधायला हवं.

शाळेची गाडी किती महत्त्वाची?

पालकांना वाटते त्याहून जास्त. जायला तास आणि यायला तास धरला, तर २०० दिवसांच्या वर्षात मुलाचे ४०० तास गाडीत जातात. व्हीलचेअर गाडीत चारही कोपऱ्यांनी बांधलेली हवी, तोंड पुढे. मुलाचा पट्टा वेगळा. गाडीत चालकाशिवाय एक ताई हवीच.

माझ्या नोकरीतला एक दिवस मी विसरत नाही. झोपलेला एक मुलगा मागच्या बाकावर राहून गेला आणि गाडी कुलूप लावून उभी केली गेली. वीस मिनिटांनी हजेरीत लक्षात आलं. मुलगा ठीक होता. त्यानंतर आम्ही शेवटच्या बाकामागे एक पाटी टांगली. चालकाने गाडीच्या शेवटापर्यंत चालत जाऊन ती काढायची आणि कार्यालयात आणून द्यायची. फुकटचा उपाय. तुमच्या शाळेलाही सुचवा.

सोडून येताना मूल रडतं. गुपचूप निघून यावं का?

कधीच नको. रडू एक दिवस जास्त चालेल, पण सांगून निघा. गुपचूप गेलेल्या आईवडिलांची मुलं पुढे दाराकडे पाठ करून बसत नाहीत, त्यांना झोपही नीट लागत नाही. कागदाच्या पट्ट्यांची साखळी करून द्या: जितके दिवस तितक्या कड्या, रोज रात्री एक तोडायची. शेवटच्या कडीला तुमचा फोटो चिकटवा. आणि ठरल्या दिवशी या. अर्धा दिवस उशीर म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

वैयक्तिक शिक्षण आराखडा म्हणून शाळा एक कागद देते. त्यात काय बघायचं?

‘स्वावलंबन वाढवणे’ असं लिहिलं असेल तर कागद परत करा. ‘दिवाळीपर्यंत’ असो की ‘सत्र संपेपर्यंत’, मुदत हवी आणि डोळ्यांना दिसेल असं काम हवं: जेवण झाल्यावर पाचपैकी चार वेळा स्वतःचं ताट उचलून ठेवेल. निवासी शाळेच्या आराखड्यात संध्याकाळ आणि रात्रही यायला हवी. बहुतेक कागद शाळा सुटण्याच्या वेळेलाच संपतात.

शाळा संपल्यावर पुढे काय?

हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी विचारायला घ्या, अठराव्या नाही. निवासी शाळेचा खरा हिशोब इथे होतो. दहा वर्षं बाहेर राहून मूल घरी परततं, तेव्हा सगळे मित्र पांगलेले आणि घराजवळ त्याला नावाने ओळखणारं कोणी नाही. म्हणून प्रत्येक सुट्टीत त्याला दुकानात, वाचनालयात, शेजाऱ्यांकडे न्या. पैसे त्याला देऊ द्या, सुटे त्याला मोजू द्या, रांगेतल्या लोकांना थोडं थांबू द्या.

एकदा निवडलेला मार्ग बदलता येतो का?

येतो, आणि बरेचदा बदलावाही. लहानपणी दिवसाची शाळा, मधली काही वर्षं निवासी, पुढे घराजवळ काम शिकणं, असा प्रवास अनेक मुलांचा होतो. दरवर्षी एकदा बसून ठरवा आणि त्या बैठकीत मुलाला बसवा.

एका मुलीला आम्ही दोन चित्रं दाखवली होती: घर आणि वसतिगृह. पुढच्या वर्षी कुठे राहायचं, बोट ठेव. तिने दोन्ही बाजूला सारली आणि तक्त्यावर बसचं चित्र शोधून त्यावर बोट ठेवलं. खूप वेळाने उलगडा झाला. बसमध्ये तिच्या शेजारी बसणारी एक मैत्रीण होती, वेगळ्या वर्गातली, आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मुलगी रोज ये-जा करत राहिली. आराखड्यात सगळ्यात वर मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि दोघींचा वर्ग एक केला.